जस्ताच्या जाळ्या

४ फेब्रुवारी
आणखी पाच उंदीर गेले. सहाव्यांदा तोच प्रयोग — तेच औषध, माझ्या गाइड मॅडमच्या पेपरात दिलेला तोच डोस. अकरा वर्षांपूर्वी मॅडमचे उंदीर टुणटुणीत राहिले. ही जातच म्हणे जन्मतः अंगात मेटॅलोथायोनिन भरपूर बाळगते. जस्तासारखे धातू धरून ठेवणारं प्रथिन; औषधाने पेशी आतून गंजायला लागल्या की तेच आडवं येतं, यकृत वाचतं. माझ्या उंदरांत त्याचा मागमूस नाही.

मॅडम म्हणाल्या, "हात कच्चा आहे तुझा. मार्चपर्यंत बघू, नाहीतर विषय सोड." चार वर्षं पाण्यात!

५ फेब्रुवारी
बाबांचा फोन. "आमच्या सापळ्यात दोन मेले. तुझ्याकडे किती?" मला हसू आलं नाही.

९ फेब्रुवारी
पिंजरे धुणारे मामा आज सहज बोलून गेले. "पूर्वीचे दणकट होते हो ताई. दिवसभर झाकणाची जाळी कुरतडायचे. ह्या नव्या स्टीलवर दात चालत नाही त्यांचा."

जुन्या जाळ्यांना जस्ताचा मुलामा असायचा. जस्त पोटात गेलं की हे प्रथिन वाढतं, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. आणि मी स्वतःच्या हाताला दोष देत बसले! मामांनी माळ्यावरून बारा जाळ्या काढून दिल्या.

४ मार्च
बारा उंदीर जुन्या जाळीखाली, बारा स्टीलखाली, तीन आठवडे. मग सगळ्यांना तेच औषध. जुन्या जाळीखालचे बाराही तगले, यकृतात प्रथिन भरपूर. स्टीलखालचे सात गेले.

म्हणजे जात-बित काही नाही. मॅडमचं नाव ज्यावर झालं, ती करामत झाकणाची. आनंद झाला, पण आता करायचं काय? सांगावं तर पदवी त्यांच्याच सहीवर अडलेली. न सांगावं तर प्रबंधात खोटं लिहावं लागणार.

६ मार्च
सांगितलं. मॅडमनी आकडे दोनदा पाहिले. जाळी मागवून नखाने खरवडली. "जा तू," एवढंच. मामा म्हणाले, "वाघाच्या तोंडात हात घालून आलात." दुपारभर टेबल आवरलं. हाकललंच तर सामान तरी तयार असावं.

७ मार्च
मॅडमनी पेपर मागे घेत असल्याचं पत्र जर्नलला धाडलं. मग मला एक फोन नंबर लिहून दिला. माझ्या आधी ह्याच विषयावर एक मुलगी होती. तिचेही उंदीर मरायचे. तुला जमणार नाही म्हणून मॅडमनीच तिला घरी पाठवलं.

"सकाळपासून तीनदा केला. माझा आवाज ऐकला की ठेवते. तू सांग तिला."