मीरिमची दाढ

चेल्याबिन्स्क, ९ फेब्रुवारी

ती. कुन्दुझ एजेस,
धाकट्या इल्गीझचा सलाम. वि. वि.

फोनवर माझा आवाज चढला की तू फोन ठेवतेस, म्हणून कागद घेतला. माझी एजे, थोरली बहीण असलीस तरी अक्षराला हसू नकोस. सातवीत शाळा सोडून घोड्यांमागे गेलो तेव्हा तूच रडली होतीस.

तुझ्या शाळेच्या दवाखान्याचा जिल्ह्यात पहिला नंबर आला, कीड लागू नये म्हणून शंभरातल्या शहाण्णव मुलांच्या दाढांना लेप लावला, हे मी गोदामात सगळ्यांना सांगत सुटलो. सोबत काम करणारा सादिर म्हणाला, मग तुमच्याकडचा दातांचा डॉक्टर आता मेंढ्या राखणार. फार मिरवलो बघ.

काल बायकोचा, नाझगुलचा फोन आला. आपली पोर मीरिम चार दिवस डाव्या बाजूनं चावत नाही. नाझगुल तिला घेऊन नारीन शहरातल्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पक्की दाढ आतून पोखरलीय, आणि हिच्या एकाही दाढेला लेप कधी लागलेलाच नाही. नाझगुलनं तुझं कार्ड पुढे केलं. त्यावर लेप लावल्याच्या चार खुणा, खाली तुझी सही. बाईंनी ते पाहून तसंच परत केलं.

एजे, लेप निघून पडला असेल, हो ना? तसं असेल तर तसं लिही. बाईंना खोटं पाडायला मी तयार आहे.

लोभ आहेच, फक्त उत्तराला उशीर लावू नकोस.
इल्गीझ


तेरेक-बुलाक, २ मार्च

चि. इल्गीझ यास आशीर्वाद.

आईचा खोकला उतरला. तुझी घोडी गाभण आहे.

लेप पडला नाही. लावलाच नव्हता. सत्तर मुलांपुरता आला, आणि मुलं एकशे बारा. आधी भाचीला लावला असता तर गावच्या आया दारात येऊन म्हणाल्या असत्या, घरच्यांचं भलं केलं. मटण वाढताना घरच्यांचं ताट शेवटी येतं, तसंच मी केलं. पुढचं खोकं येईल म्हणून खुणा आधीच करून ठेवल्या. खोकं आलं नाही. अशी आणखी सदतीस मुलं आहेत, सगळी आपल्याच नात्यातली, तक्रार न करणारी.

शंभरात नव्वदच्या खाली गेलो तर जिल्ह्याकडून दातांची खुर्ची मिळणार नाही. अजून मुलांना स्टुलावर बसवते मी. एप्रिलमध्ये तपासनीस येतोय. तो तोंडं उघडून बघत नाही, कार्डं वाचतो. पण नाझगुल गावभर बोलतेय. तिला एका कागदावर सही करायला सांग, की लेप लावला होता, मुलीनंच खरवडून काढला. मीरिमला गोडाची सवय आहेच, कोणी शंका घेणार नाही.

रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी एजे


चेल्याबिन्स्क, २७ एप्रिल

कुन्दुझ एजेस सलाम.

तुझं पत्र सादिरकडून दोनदा वाचून घेतलं. वाटलं, मलाच नीट वाचता येत नाहीये.

घरच्यांचं ताट शेवटी येतं हे मलाही ठाऊक आहे. पण ते रिकामं राहिलं तर जेवले म्हणून कोणी लिहून ठेवत नाही. मी तुझ्या शब्दाबाहेर नाही, म्हणून माझी पोर निवडलीस. लेप मिळाला नाही हे मी गिळलं असतं. आठ वर्षांच्या लेकरावर आळ घालायला निघालीस, ते गिळवत नाही.

सही करू नकोस असं नाझगुलला मीच सांगितलं. तपासनीस येईल त्या दिवशी मीरिमला शाळेत घेऊन जा, असंही मीच सांगितलं. दाढ तोवर उपटून झाली होती. त्यानं कार्ड पाहिलं, पोरीच्या तोंडातला खड्डा पाहिला आणि सगळ्या मुलांना रांगेत उभं केलं. पुढचं तू पाहिलंच आहेस. खुर्ची गेली म्हणतात, तुझी नोकरीही जाईल. मला बरं वाटत नाहीये. पण दुसरं काही केलं असतं असंही वाटत नाही.

काल फोनवर मीरिमनं विचारलं, मी तोंड उघडलं म्हणून आत्या आता घरी येत नाही का.

मला लिहू नकोस. तुझ्या दारापासून आमचं दार सातवं. तिच्यासमोर बस आणि कोणाचं चुकलं ते तिला तुझ्या तोंडानं सांग. मग लोभाचं बोलू.
इल्गीझ