उत्तरदाता क्रमांक एक्केचाळीस

७ जानेवारी, संध्याकाळ
अहवाल संपला. तीन वर्षं, दोन हजारांवर कुटुंबं, एकशे बारा शाळा. निष्कर्ष असा की घरची परिस्थिती सारखी असेल, तर मूल या शाळेत घाला नाहीतर त्या शाळेत, शिकण्यात फारसा फरक पडत नाही. पालक मात्र फाटक बघतात, गणवेश बघतात आणि शेजाऱ्याचं मूल कुठे जातं ते बघतात. माझं एक वाक्य संचालक मॅडमना फार आवडलं : ‘पालक शाळा निवडत नाहीत, शेजारी निवडतात.’
भर मीटिंगमध्ये म्हणालो, माझी स्वतःची मुलगी यंदा पहिलीत जाणार आहे आणि ती गल्लीच्या टोकाच्या साध्या शाळेत जाणार आहे. टाळ्या पडल्या. मॅडमनी हे प्रस्तावनेतच घालायला सांगितलं. म्हणाल्या, संशोधक असावा तर असा.
संकल्प : आजपासून शाळा या विषयावर घरात विचार करायचा नाही. विचार झालेला आहे.

९ जानेवारी
लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधले दातांचे डॉक्टर भेटले. त्यांचा मुलगा टेकडीवरच्या शाळेत जातो. खारूचं काय ठरलं, विचारलं. (खारू म्हणजे आमची मुलगी. गालात काहीतरी साठवून ठेवायची सवय, म्हणून खारूताई.) मी गल्लीची शाळा म्हणालो. डॉक्टर नुसते हसले. म्हणाले, ‘‘तुम्ही त्यातले तज्ज्ञ. तुम्हाला आम्ही काय सांगणार!’’
टेकडीवरच्या शाळेचे निकाल चांगले दिसतात ते मुळात निवडून घेतलेल्या मुलांमुळे, हे मी त्यांना तळमजल्यापासून सोप्या भाषेत समजावून सांगितलं. ते दुसऱ्या मजल्यावर उतरले. आम्ही दोघंही चौथ्यावर राहतो. बहुधा काम असेल.

१० जानेवारी
टेकडीवरच्या शाळेचा फॉर्म आणला. केवळ अभ्यासाचं साधन म्हणून. फॉर्म भरताना पालकाच्या मनाची काय अवस्था होते, हे भरल्याशिवाय कसं कळणार? पेन्सिलीनं भरला.

११ जानेवारी
पेन्सिल पुसट दिसते. पेननं गिरवला.

१४ जानेवारी
बायकोला फॉर्म सापडला. मी म्हणालो, संशोधन आहे. ती म्हणाली, संशोधनाला खारूचा फोटो कशाला चिकटवलायस? आणि तोही मी जपून ठेवलेला?
मग म्हणाली की मागच्याच आठवड्यात ती खारूला घेऊन गल्लीची शाळा बघून आली. तिथल्या बाई खाली जमिनीवर बसल्या आणि खारूशी अर्धा तास गप्पा मारल्या. खारूनं गालातली बी काढून त्यांना दाखवली. ‘‘मला एवढं पुरे,’’ बायको म्हणाली.
मी शांतपणे सांगितलं की एका भेटीवरून मत बनवणं याला आमच्यात किस्सा म्हणतात, पुरावा नाही. ती हॉस्पिटलच्या औषधालयात काम करते, तिची ड्युटीची वेळ झाली होती. जाता जाता ‘‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’’ एवढंच म्हणाली. म्हण पुरी करण्याइतकाही वेळ तिला नव्हता.

२० जानेवारी
टेकडीवर परीक्षा घेत नाहीत, मुलांची ‘ओळखभेट’ घेतात. दहा मिनिटं. लहान मुलांकडून अशी तयारी करून घेऊ नये, असं मी पान त्र्याण्णववर ठासून लिहिलंय. त्यामुळे तयारी नाही. रोज सकाळी फक्त खेळ. आकार ओळखणे, चित्र पाहून पाच वाक्यं, उलटे आकडे. मोबाइलवर घड्याळ लावतो.
खारूनं विचारलं, खेळ आहे तर घड्याळ कशाला? प्रश्न चांगला आहे. उत्तर द्यायला वेळ नव्हता, घड्याळ चालू होतं.

२३ जानेवारी
खारूला षटकोन येतो! अष्टकोनही जवळजवळ. चित्रातल्या बाईचं वर्णन तीन वाक्यांत केलं, चौथ्याला रडली. संकल्प : कौतुकाचं प्रमाण वाढवायचं. दर दोन चुकांमागे एक शाबासकी.

२९ जानेवारी
घात. मॅडमना अहवालाच्या प्रकाशनाआधी पालकांच्या तोंडची ताजी वाक्यं हवी आहेत. आमच्याकडे नवीन लागलेली एक मुलगी आहे, मोठ्या चष्म्याची, तिला मी मनात चष्मेवाली म्हणतो. कामाला वाघ. ती एखाद्या शाळेच्या रांगेत जाऊन प्रश्नावली भरून घेणार. कुठल्या शाळेच्या? मी सात शाळा सुचवल्या. मॅडम म्हणाल्या, छे, टेकडीवरची. नऊ फेब्रुवारीला फॉर्म घेणार आहेत, अख्खं शहर लोटेल.
फॉर्म पालकानं स्वतः रांगेत उभं राहूनच द्यायचा, असा त्या शाळेचा नियम आहे. बायको जाणार नाही. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि त्या आडाच्या, म्हणजे रांगेतल्या पाहणीच्या, परवान्यावर प्रकल्पप्रमुख म्हणून सही माझी. केली.

९ फेब्रुवारी, सकाळी ६.५०
टोपी, मफलर, काळा चष्मा. ऑफिसला ताप आल्याचं कळवलं. रांगेत एक्केचाळिसावा. फाटक खरोखर सुंदर आहे. हे मी संशोधक म्हणून नोंदवतोय.

७.३५
चष्मेवाली आली. हातात टॅबलेट. रांगेच्या पुढच्या टोकापासून सुरुवात केली. मनात हिशेब मांडला : माझी प्रश्नावली चौसष्ट प्रश्नांची आहे, म्हणजे एकेकाला अर्धा तास तरी. माझ्यापर्यंत ती पोचणं शक्यच नाही.

८.१०
ती प्रत्येकाला विचारत नाहीये, दर दहा माणसांमागे एकाला विचारतेय. पहिला झाला, आता थेट अकरावा. मग एकविसावा, एकतिसावा आणि मी. ही पद्धत मीच घालून दिली होती. मागच्या बाईंना ‘‘तुम्ही पुढे या ना’’ म्हणालो. त्या म्हणाल्या, नको हो, नंबर म्हणजे नंबर. पुढच्या गृहस्थाला विचारलं. तो म्हणाला, ‘‘भाऊ, पहाटे चारपासून उभाय मी.’’ रांग सोडली तर प्रवेश गेला. उभा राहिलो.

१०.१५
झालं. (शाळेच्या कठड्यावर बसून लिहितोय.) तिनं ओळखलं नसावं. मी आवाज घोगरा काढला होता. व्यवसाय ‘इतर’ सांगितला. नाव विचारायचं नाही, फक्त रांगेतला नंबर टाकायचा, हा नियम माझाच. कुठलाही प्रश्न गाळायचा नाही, हाही माझाच. घरात मुलांची किती पुस्तकं आहेत? चाळीस. मागच्या आठवड्यात त्यातलं किती वेळा मुलीला वाचून दाखवलंत? हा प्रश्न नीट बेतलेला नाही, माणूस विनाकारण कोंडीत सापडतो. पुढच्या वेळी बदलायला हवा.
मग प्रश्न एकावन्न : हीच शाळा का? तिथे मी प्रशिक्षणात बजावून सांगितलंय की पालक पहिल्यांदा शोभेचं उत्तर देतात, म्हणून तीनदा खोदून विचारा. तिनं विचारलं. मी म्हणालो, अध्यापनाचा दर्जा. तिनं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, मोठं मैदान. तिनं टॅबलेट खाली घेतला आणि तिसऱ्यांदा अगदी हळू विचारलं, ‘‘खरं काय ते सांगा ना, काका.’’
काय झालं कुणास ठाऊक. पाय दुखत होते. म्हणालो, ‘‘समोरच्यांचा मुलगा इथे येतो. उद्या आमची मुलगी मागे पडली, तर सगळे म्हणतील, बाप एवढा शिकलेला आणि त्याला साधी शाळा निवडता आली नाही. मला भीती वाटते.’’
तिनं ते अक्षर न् अक्षर लिहून घेतलं आणि आभार मानले. मी हिला फार चांगलं तयार केलंय.

११ फेब्रुवारी
ताप उतरला. ऑफिसला गेलो. चष्मेवालीनं ‘‘बरं आहे ना सर आता?’’ एवढंच विचारलं. उत्तर देणाऱ्याची ओळख उघड करायची नाही, हे कलम मीच लिहिलंय. नियमांवर माझा पूर्ण विश्वास आहे. दिवसभर तिच्या टेबलावरून सात वेळा गेलो.

१८ फेब्रुवारी
प्रकाशन समारंभ. सभागृह भरलेलं. मॅडमनी भाषणात उत्तरदाता क्रमांक एक्केचाळीस वाचून दाखवला. समोरच्यांचा मुलगा, एवढा शिकलेला बाप, सगळं. लोक पोट धरून हसले. मग मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, अशा बापाच्या मनात नेमकं काय चालतं, हे आता आमचे प्रकल्पप्रमुख सांगतील.
बारा मिनिटं बोललो. एक्केचाळीसला सोलून काढला. असा माणूस मुलीसाठी शाळा शोधत नसतो, स्वतःसाठी प्रमाणपत्र शोधत असतो, असं म्हणालो. आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण. सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. शेवटच्या रांगेत चष्मेवाली तेवढी बसून होती, चष्मा पुसत.
एकानं विचारलं, तुमची मुलगी कुठे जाणार? माझ्या वतीनं मॅडमनीच सांगितलं. पुन्हा टाळ्या. मी हात जोडले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

१९ फेब्रुवारी
दुपारी चष्मेवाली केबिनमध्ये आली, दार लोटून घेतलं. म्हणाली, सर, एक्केचाळीस नंबरचं वाचायला मी दिलं नव्हतं, मॅडमनी यादीतून आपणहून निवडलं. आणि मग म्हणाली, ‘‘सर, मला ते काका वाईट वाटले नाहीत. सगळ्या रांगेत खरं तेवढेच बोलले.’’
मी म्हणालो, भावनेच्या आहारी जाऊन संशोधन होत नाही. ती ‘‘हो सर’’ म्हणून गेली. नंतर बराच वेळ एकच पान वाचत बसलो. पान त्र्याण्णव.

२४ फेब्रुवारी
ओळखभेट. बायकोनं रजा घेतली, मला वाटलं माझ्यासाठी. म्हणाली, खारूसाठी. गाडीत शेवटचा सराव घेणार होतो, तर तिनं मोबाइलच काढून घेतला. खारू आत गेली, आम्ही बाहेर. भिंतीवर मुलांची चित्रं होती, सगळी एकसारखी.
सहाव्या मिनिटाला दार उघडलं. आतल्या शिक्षिकेनं सांगितलं की मुलगी गोड आहे, पण काही बोलायलाच तयार नाही. चित्र दाखवलं तर म्हणाली, आधी घड्याळ लावा. घड्याळ नाही म्हटल्यावर विचारलं, मग मी चुकले हे तुम्हाला कसं कळणार?
बायको माझ्याकडे बघत होती. मी चित्रांकडे बघत होतो. परतीच्या वाटेत गाडीच्या आरशातून मागे बघितलं. खारूच्या गालात काहीच नव्हतं.

२ मार्च
यादी लागली. नाव नाही. डॉक्टरांनी लिफ्टमध्ये पाठीवर हात ठेवला. चौथ्या मजल्यापर्यंत काढला नाही.
नीट विचार केला. शेवटी तत्त्व महत्त्वाचं. गल्लीचीच शाळा! हा निर्णय पूर्णपणे पुराव्यावर आधारलेला आहे. बायकोला तसं जाहीर केलं आणि उद्याच जाऊन नाव घालतो म्हणालो.
ती भाजी चिरत होती. म्हणाली, पंधरा जानेवारीलाच घातलंय. पावती फ्रिजच्या दारावर आहे.
दीड महिना मी रोज त्या फ्रिजमधून पाणी घेतोय. असो. तिचा माझ्या संशोधनावर इतका गाढ विश्वास असेल असं वाटलं नव्हतं. तसं म्हणालोही. ती म्हणाली, अहवाल मी वाचलेला नाही.

१२ जून, सकाळी ९
शाळेचा पहिला दिवस. अर्धी रजा घेतली. मॅडमना वर्गात माझा फोटो हवा होता, तो काढायचं राहून गेलं.
वर्गात खुर्च्या वीतभर उंचीच्या. बसलो तर गुडघे हनुवटीला. बाई खरोखरच जमिनीवर बसतात. त्यांनी प्रत्येक पालकाला एक कागद दिला. छापील नाही, हातानं लिहिलेला. तीनच प्रश्न. मी मनात हसलो. तीन प्रश्नांत काय कळणार?
मूल कशात रमतं? लिहिलं : वाचन, कोडी, भौमितिक आकार. मनातलं कुणाला सांगतं? लिहिलं : आईवडिलांना. बाईंनी डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, तिलाच विचारून लिहा ना, शेजारीच तर बसलीय.
विचारलं. पहिलं : बिया, आणि आईच्या औषधांच्या रिकाम्या डब्या. दुसरं : आईला. आई ड्युटीवर असेल तर उशीला. लिहून घेतलं. माझं अक्षर बिघडलं होतं, खुर्चीमुळे.
तिसरा प्रश्न, कशाची भीती वाटते? खारूनं जरा विचार केला. मग बाईंकडे बघून म्हणाली, ‘‘बाबा ‘चल, खेळू या’ म्हणतो ना, त्याची.’’
बाई हसल्या नाहीत. मी हसलो. एकाच उत्तरावरून निष्कर्ष काढता येत नाही, असं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, निष्कर्ष नकोच आहे मला, नुसतं लिहा. लिहिलं.
मग वाटलं, निदान वाक्याआधी ‘कधी कधी’ घालावं. ते जास्त अचूक होईल. कागद परत मागितला. बाई म्हणाल्या, घाला की, पण तिला विचारून घाला.
वळून बघितलं. खारू दप्तर टाकून आतल्या अंगणात पळाली होती. घंटा झाली. पालकांनी आता निघावं, असं कुणीतरी म्हणालं.