उठा गो, गिऱ्हाईक जातंय

आई, मी रोह्याच्या कंपनीतली नोकरी सोडली. हे ऐकल्या ऐकल्या तू "का गो, भांडलीस?" असंच विचारणार, म्हणून आधीच सांगते, भांडून नाही सोडली. म्हणजे भांडले थोडी, पण सोडली ती त्यासाठी नाही. सेफ्टी ऑफिसर म्हणून वर्षानुवर्षं त्याच त्या माणसांवर ओरडले, हेल्मेट घाला, पट्टा लावा, परमिट नसेल तर टाकीत उतरू नका. मग एक दिवस वाटलं, हेच काम दहा कंपन्यांत जाऊन का करू नये? आता मी पेणच्या आपल्या घरातून निघते, कधी रोहा, कधी नागोठणे, आणि शिफ्टच्या कामगारांना त्यांच्या भाषेत शिकवते. गॅस सुटला तर वारा बघून कुठल्या दिशेला पळायचं, टाकीच्या तोंडाशी दुसरा माणूस का उभा हवा, हे सगळं. मी चांगली शिकवते. नम्रपणा तू मला शिकवला नाहीस आणि मीही तो कुठून उसना आणला नाही.

पण माझ्याकडे काम येतं कुठून, हे तुला समजावायचं म्हणजे कठीण. तू गेलीस तेव्हा आपल्याकडे बटणांचा फोन होता आणि तोही वाजला की तू पदराला हात पुसून मगच उचलायचीस. आता फोनवर कामाधंद्यातल्या लोकांची एक साइट असते. कंपन्यांचे मॅनेजर, एचआरवाले, नोकरी शोधणारे, सगळे तिथे. आपण तिथे आपल्या कामाबद्दल काहीतरी लिहायचं, ते वाचून कोणाला पटलं तर तो फोन करतो आणि काम देतो. आता कोणाचं लिहिलेलं कोणापुढे मांडायचं, हे ठरवणारा एक हिशेब त्या साइटवाल्यांकडे असतो. त्याला अल्गोरिदम म्हणतात. तो दिसत नाही, बोलत नाही आणि मनाला येईल तेव्हा बदलतो. बदलला हेही कोणी सांगत नाही. आपला फोन वाजायचा थांबला की आपण समजायचं.

माझा थांबला. आधी कसं झकास चाललं होतं! रोज सकाळी चहाबरोबर मी इंग्रजीत सुरक्षेचे पाच नियम लिहायचे, वर पिवळ्या हेल्मेटचा फोटो, खाली एक सुविचार. मॅनेजर लोक माना डोलवायचे, कामं यायची. आणि मग एका पावसाळ्यात सगळं चिडीचूप. तेच नियम, तेच हेल्मेट, पण बघायला काळं कुत्रं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं कोणी म्हणू नये म्हणून मी आधी स्वतःलाच तपासलं, इंग्रजी सुधारलं, फोटो बदलला. काही फरक नाही. माझ्याबरोबर पूर्वी नोकरीला असलेली एक मैत्रीण आता पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, तिला फोन केला. ती म्हणाली, "अगं, अल्गोरिदम बदललाय. आता फोटो नि सुविचार चालत नाहीत. तू टाकलंस की आधी थोड्या लोकांना दाखवतो, ते कोण आहेत, थांबून वाचतायत का ते बघतो, आणि मग तसल्याच लोकांना पुढे दाखवतो." आणि लगेच पुढचं, "कशाला त्या पेणमध्ये बसून झगडतेस? आमच्याकडे जागा आहे. दिवाळीपर्यंत सांग, मी धरून ठेवते."

म्हणजे तुझं घर सोडायचं. हे मला तिच्या तोंडून ऐकताच कळलं, आई. हा ओटा, ती मागची पडवी जिथे तू पोह्याच्या पापडांचं पीठ तेलाच्या हातानं कुटायचीस, ती लाटणं अडकवायची खुंटी, हे सगळं एका कोणा भाडेकरूला द्यायचं आणि पुण्यात लिफ्टच्या इमारतीत राहायचं. मी तिला म्हटलं, दिवाळीपर्यंत बघू. आणि कामाला लागले.

पण मैत्रिणीचं मी अर्धंच ऐकलं. सुरुवातीला लोक थांबले पाहिजेत, एवढंच डोक्यात शिरलं. आता आपण कुठली माणसं? भाताच्या लावणीला हात कमी पडले की आपण काय करतो? सावड करतो. आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे तुझ्या. गाव करी ते राव काय करी! मी म्हटलं, अल्गोरिदमला पण दाखवते आमची सावड. कासू गावची चुलत भावंडं, त्यांच्या बायका, आपल्या आळीतल्या पापडवाल्या, गडबची मावशी, सगळ्यांची त्या साइटवर खाती उघडून घेतली. मावशीचा हुद्दा लिहिला, गृहिणी आणि वालाची शेती. मी सकाळी लिहिलं की सगळ्यांनी लगेच 'आवडलं' म्हणून अंगठा द्यायचा आणि खाली दोन शब्द लिहायचे, ठरलं.

काय लिहिलं गं त्यांनी! मी ॲसिडच्या पाइपची तपासणी कशी करावी ते लिहिलंय आणि खाली चुलत वहिनी लिहिते, "ताई साडी कुठनं घेतली?" बंद टाकीत उतरायच्या धोक्यावर मावशीचं, "देव बरं करो. जेवलीस का?" अंगठ्यांचा नुसता पाऊस. मी खूश. आकडा वर चाललाय, मी पण वर चाललेय. फक्त फोन वाजत नव्हता. आणि एक दिवस वाजला तो एका केटररचा. "मॅडम, मिरगुंडं होलसेलमध्ये देता का? तुमच्याकडे सगळ्या पापडवाल्याच दिसतात." त्यानंतर तर रांगच लागली. कोणाला कडवे वाल हवेत, कोणाला लग्नासाठी कुरडया. त्या हिशेबानं माझ्यापुढे बसलेली माणसं बघितली आणि ठरवून टाकलं की ही बाई पापडच विकते! अगदी बरोबर ठरवलं. त्याचा काय दोष? मी हसले आणि मग रडायलाच आलं, कारण गणपती जवळ आले होते आणि हातात एकही काम नव्हतं.

त्याच आठवड्यात नागोठण्याला जुन्या ओळखीतून चौकशी करायला स्कूटरवरून निघाले होते. गडबजवळ तुझा पापडांचा स्टॉल होता तिथे थांबले. आता रस्ता रुंद झालाय, मावशीच्या शेताचा तो बांध निम्मा रस्त्यात गेलाय, पण जागा कळते. तिथे उभी राहिले आणि मला सगळं दिसलं, म्हणजे अगदी समोर.

मे महिना आहे. मी अकरावी संपवून सुट्टीत तुझ्या मदतीला. टेबलावर पापडांची पाकिटं, वालाच्या पिशव्या, वर ताडपत्री. त्या दिवशी सकाळपासून विक्री नाही, म्हणून मावशी चार बाया घेऊन आलीय. गर्दी बघून गर्दी येते, असं तिचं म्हणणं. त्या पाचही जणी टेबलापुढे बाकावर बसल्यात, पाकिटं हातात घेतायत, ठेवतायत, कोणाची सून कशी ते चाललंय. मुंबईच्या गाड्या हळू होतात, काचेतून बघतात आणि पुढे जातात. एक जाते, दुसरी जाते. मला काहीच कळत नाही, मी त्यांच्या गप्पांत रमलेय. आणि तू एकदम उठतेस. "उठा गो सगळ्या. लावणीला सावड चालते, विकायला नाय. गाडीवाला तुमची तोंडं बघतो, माझे पापड त्याला दिसत पण नाय. उठा, गिऱ्हाईक जातंय." मावशी लाल. "जागा माझी, नि मलाच उठवतेस व्हय?" "जागा तुझी हाय, धंदा माझा हाय. आणि तू पण उठ गो," हे मला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मावशी तरातरा घरी गेली, बाकीच्या मागोमाग.

मला तेव्हा तुझा भयंकर राग आला. सख्ख्या बहिणीला असं बोलतात? तिच्याच बांधावर? पण अर्ध्या तासात पहिली गाडी थांबली, मग दुसरी, हेही मी बघितलं, फक्त कबूल केलं नाही. संध्याकाळी स्टॉल आवरल्यावर तू चांगल्यातली चांगली पाकिटं काढलीस, मावशीच्या घरी गेलीस, तिच्या चुलीपाशी ती ठेवलीस आणि विचारल्याशिवाय चहाचं आधण ठेवलंस. मावशी म्हणाली, "साखर वरच्या फळीवर हाय." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून ती आली ती मागच्या बाजूला, ताडपत्रीच्या सावलीत लाटायला. तुझं भांडण पण कसं नेमकं असायचं!

तर मी तिथूनच स्कूटर वळवली. घरी येऊन एकेकाला फोन केले, बाबांनो, आजपासून माझ्या लिहिण्याला अंगठा देऊ नका. अगोबाई, काय वादळ उठलं! कासूची वहिनी म्हणाली, "मोठी झाली आता, आमचा अंगठा नाय चालत." फोनवर सांगण्यातली ही गोष्टच नव्हती. मग मी तुझंच केलं, पापड घेतले आणि कासूपासून गडबपर्यंत घरोघरी गेले. तुझी स्टॉलची गोष्ट सांगितली की सगळे हसायचे, मग पटायचं. मावशी शेवटी. तिने पाकीट उलटंपालटं करून बघितलं. "तुझ्या आईनं मला उठवली तेव्हा तिनं हातचे आणलेले. तू विकतचे आणलेस." मी म्हटलं, मला लाटता येत नाहीत तर काय करू? "मग काय येतं तुला?" मी म्हटलं, शिकवता येतं. "मग ते कर ना. पाच नियम नि दहा नियम काय लिहितेस, ते तर कंपनीच्या भिंतीवर पण लिवलेलं असतं. नि मी अंगठा नाय देत, जा."

भिंतीवर लिहिलेलं! हे ऐकायला मला गडबला जावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी नियम लिहिले नाहीत, हेल्मेट नाही, सुविचार नाही, इंग्रजीही नाही. रोह्याच्या एका वर्गात मागच्या बाकावरच्या ऑपरेटरनं मला विचारलं होतं, "मॅडम, वास येत नाय म्हणजे गॅस नाय, व्हय ना?" आणि सगळ्या वर्गानं माना हलवल्या होत्या, कारण सगळ्यांनाच तसं वाटत होतं. तेवढंच लिहिलं. काही गॅसना वासच नसतो, आणि एक तर असा आहे की तो वाढला की नाकच मरतं, वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच पडतो, हे त्याला कसं सांगितलं ते लिहिलं. त्याने पुढे काय विचारलं तेही लिहिलं, कारण त्याचं उत्तर मला लगेच आलं नव्हतं.

अंगठे मोजके आले. पण एका शिफ्ट इनचार्जनं खाली भलंमोठं लिहिलं, त्याच्याकडे असंच होता होता वाचलं म्हणून. दुसऱ्यानं मला चुकीचं ठरवायला घेतलं, त्याच्याशी मी मुद्द्यामुद्द्यानं भांडले, आणि तू जाणतेस, भांडायला मी कमी नाही. लोक थांबले, वाचत राहिले, त्यांच्यासारखे आणखी आले. पी हळद नि हो गोरी असं झालं नाही. महिनाभर मी असंच लिहिलं, प्रत्येकाला उत्तर दिलं, फोन गप्पच. मग नवरात्रात नागोठण्याच्या बाजूच्या एका प्लँट मॅनेजरचा निरोप आला, "तो वासाचा प्रश्न आमच्याकडेही विचारतात. तिन्ही शिफ्टला शिकवायला याल?" गेले. तिथून पुढचं काम मिळालं, त्यातून आणखी पुढचं. दिवाळीच्या आधी पुण्याला फोन करून जागा सोडून दे म्हणून सांगितलं. मैत्रीण म्हणाली, "अगं, पण हा अल्गोरिदम पुन्हा बदलेल." बदलू दे! रस्ता बदलला तेव्हा तू रडत बसलीस का? टेबल उचलून वळणापुढे नेलंस, गाड्या जिथे हळू होतात तिथे. मी पण नेईन. टेबल माझं आहे आणि पापड, म्हणजे शिकवणं, तेही माझं आहे.

हे सगळं मी त्याच साइटच्या लिहायच्या चौकटीत लिहितेय, सवयीनं. खालचं बटण निळं झालंय, दाब म्हणतंय. दाबणार नाही. फार लांब झालंय, आणि हे ज्या गिऱ्हाइकाचं आहे ते तिथे नाही.

एकच सांगायचं राहिलं. सगळे उठले, मावशी नाही उठली. "नाय देत" म्हणाली खरी, पण दुसऱ्याच सकाळी तिचा अंगठा होता. फोन केला तर म्हणे, "सवयीनं लागतो गो." मग मी परत कधी बोलले नाही. एका माणसानं गाडी थांबायची राहत नाही, असं मी स्वतःला समजावते, पण ते कारण नव्हे. ती तुझ्यासारखीच उजाडायच्या आधी उठते. मी आता रात्रीच लिहून टाकते आणि सकाळी ओट्याशी चहा ठेवून फोन बघते, अजून जगातल्या कोणीच काही वाचलेलं नसतं आणि तिचा अंगठा आलेला असतो. तो दिसला ना आई, की मला वाटतं, घरात माझ्या आधी कोणीतरी उठलंय.