खुर्च्यांची मांडणी

सातवा महिना, तिथी ११

नवा इंग्रज साहेब परवाना न घेताच कँटनला येऊन बसला आहे! त्याचा दुभाषी मी, म्हणून जामीनही मीच. त्याने आगळीक केली की हद्दपारी माझी — पार चीनच्या टोकाला, वाळवंटापलीकडे, इलीला. अर्ज व्यापाऱ्यांमार्फत द्या म्हटलं, तर म्हणतो, "मी राजाचा माणूस. चहा विकणाऱ्यांच्या तोंडून बोलत नाही." चहाचे व्यापारी पूनशेठ हसले. "दुभाषीबुवा, वाढलाय मात्र आपल्याच चहावर हो!"

तिथी १४

उद्या तीन अधिकारी त्याला जाब विचारायला येणार. गोऱ्यांच्या दिवाणखान्यात खुर्च्या मीच मांडल्या. अधिकारी दक्षिणेकडे तोंड करून, व्यापारी पूर्वेच्या भिंतीशी, साहेब पश्चिमेच्या भिंतीशी. अंतरं वितीने मोजली. मला कोणी शिकवलेलं नाही. सव्वीस वर्षं बघून शिकलो. चूक निघायची नाही.

तिथी १५

चूक निघाली.

पश्चिमेच्या भिंतीवर त्यांच्या राजाची तसबीर आहे! सव्वीस वर्षं बघतोय ती. बघतोय कसला — दिशा मोजल्या, भिंत पाहिलीच नाही. साहेब भडकला. "माझ्या राजाकडे पाठ? मुद्दाम केलंत हे!" मुद्दाम! स्वतःच्या हाताने खुर्च्या ओढल्या, मधली बळकावली. अधिकारी आले ते उभेच राहिले. पूनशेठ कानाशी, "बुवा, काहीतरी करा हो!"

साहेबाने टेबलावर मूठ आपटली. "तोफेशिवाय तुम्हांला काही कळत नाही. आठव्या दिवशी माझी जहाजं नदीमुखाचे किल्ले ओलांडून वर येतील."

मोठ्या अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतोय?"

"हुजूर, उन्हाने त्यांची प्रकृती बिघडली आहे. विचाराला आठ दिवस मागतात."

"रानटी आहे, पण नरमतोय."

साहेबाला सांगितलं, "आपल्या प्रकृतीची विचारपूस करताहेत." आजवर हेच करत आलो. दोन्हीकडचं पोटात घालायचं. म्हणून तर हे बंदर चालतं! आणि खरं लिहायचं तर — धमकी माझ्या तोंडून निघाली असती, तर आजच मला इलीच्या वाटेला लावलं असतं.

तिथी १९

वरून लेखी आलं. जामीनदार निर्दोष! बायकोने बदक रांधलं. दोनदा मागून घेतलं.

तिथी २३

सकाळपासून नदीमुखाकडे तोफा. किल्ल्यांवरची अडतीस माणसं गेली म्हणतात. बेसावध होती. कोणी जेवत होतं. पूनशेठ रडत होते — "आधी कोणालाच कसं कळलं नाही हो, बुवा?"

मला दिवससुद्धा ठाऊक होता.