बिनक्लचचा ट्रक कुणाच्या हाती

मी, लंकाबाई रखमाजी बोऱ्हाडे, वय अडुसष्ट, धंदा शेती व मालवाहतूक, राहणार शिनोली, तालुका आंबेगाव, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या पश्चात "म्हातारीचं डोकं फिरलं व्हतं" म्हणणारे निघतील, आणि ते कोण हेही मला ठाऊक आहे.

कलम पहिले. राहते घर, अंगण व ओढ्याकडची जमीन माझा एकुलता मुलगा आदेश याला मिळावी. मात्र मोजणी करून हद्दीचे दगड तपासून घ्यावेत. शेजारी माझ्या पतींचा चुलतभाऊ भिका राहतो. तो जागचा हलत नाही, पण दगड हललेले दिसतात.

कलम दुसरे. बँकेतील ठेव नात आरोही हिच्या शिक्षणासाठी. ती सज्ञान होईपर्यंत कोणालाही, तिच्या बापालाही, काढता येऊ नये.

कलम तिसरे. ट्रक. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आदेश तो भंगारात घालायला टपला आहे.

लहानपणी पोलिओने माझा डावा पाय अधू झाला. पती वारल्यावर एका ठेकेदाराने हा जुना ऑटोमॅटिक ट्रक विकायला काढला. त्याला क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला काम नाही, म्हणून मी तो घेतला. भिका चारचौघांत म्हणाला, "आता लंगडी बाई ट्रक हाकनार, राव." मी हाकला. गावचा कांदा-बटाटा मंचरला नेऊन आदेशला शिकवले, त्याचे लग्न केले.

गेल्या वर्षी ऐन हंगामात ट्रक सकाळी चालू होईना. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण चावी फिरवली तर टक असा आवाजसुद्धा नाही. बॅटरीवाल्याने फसवले असे समजून बॅटरी बदलली. स्टार्टर उतरवून तपासून घेतला, तोही ठणठणीत निघाला. आदेशचे एकच पालुपद, की भंगारवाला तयार आहे, देऊन टाकू. हाच एखादी वायर काढून ठेवत असावा असे मला वाटू लागले. मी बॉनेटला कुलूप लावले. कुलूप जसेच्या तसे, आणि ट्रक तरी बंद.

शेवटी मंचरहून गाड्यांचे वायरिंग करणाऱ्या मोईजला बोलावले. त्याने बॉनेट उघडलेच नाही. आत बसून गिअरचा दांडा न्यूट्रलला घेतला, चावी फिरवली, आणि ट्रक चालू झाला. म्हणाला, "मावशी, दांडा पार्किंगला नायतर न्यूट्रलला पुरता बसल्याबिगर आतला स्विच स्टार्टरला करंट देत नाय. दांड्याच्या जोडाची सळई झिजलीय. नवी येईस्तवर शेवटपर्यंत ढकलत जा."

मी इतकी वर्षे शेवटपर्यंतच ढकलत आले आहे. मग अर्धवट सोडतो कोण? तेव्हा ध्यानात आले, की हल्ली सीटही मागे सरकलेली असते आणि आरसा वाकडा. संशय आदेशवरच होता. गुपचूप गिऱ्हाइकाला दाखवत असणार.

एके दुपारी बाजारला जाते सांगून निघाले, अर्ध्या वाटेवरून परतले आणि कांदा साठवायच्या बराकीआड बसले. घरातून बाहेर आली ती माझी सून आरती. पदर खोचून ट्रकात चढली, मोकळ्या रानात दोन चकरा मारल्या आणि ट्रक मागे घेत भिंतीशी नीट लावला. मला ते अजून एका दमात जमत नाही. रस्त्यावर मोटरसायकल वाजली तशी घाईने दांडा ढकलून, चावी काढून ती घरात पळाली. मोटरसायकल आदेशची नव्हती, दुसऱ्याच कुणाची तरी होती.

संध्याकाळी ती भाकरी थापत असताना जवळ जाऊन मी एवढेच म्हटले, "दांडा शेवटपर्यंत ढकलत जा."

तिने परात बाजूला सारली. म्हणाली, "आत्या, ह्यांना सांगू नका." कशाला शिकतेस, असे मी विचारले. खाली बघतच बोलली, "तुमी हायेत तवर ह्या घरात माझं ऐकत्यात. तुमच्यामागं मी कशाच्या जोरावर बोलू?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर इथे लिहिते. सदर ट्रक कागदपत्रांसह सून आरती आदेश बोऱ्हाडे हिच्या एकटीच्या मालकीचा होईल. आदेशने तो विकू नये, गहाण ठेवू नये. पोरगा वाईट नाही, पण सगळ्यांत शेवटी जो बोलेल त्याचे ऐकतो, आणि भिका शेजारीच राहतो.

कलम चौथे. जॅक व पान्यांची पेटी मोईजला. नवी सळई तो अजून आणतोच आहे, याचीही नोंद असावी.

आरतीने परवाना काढला आहे. आदेशला वाटत होते, ती शिवणक्लासला जाते. आज हे नोंदवायला तिनेच मला ट्रकातून घोडेगावला आणले. आदेशचे खताचे दुकान त्याच रस्त्यावर आहे. ट्रक ओळखून तो बाहेर आला आणि भर रस्त्यात हात आडवा करून उभा राहिला. आरतीने हॉर्न दिला. तो बाजूला झाला.

वरील मजकूर मी स्वतः वाचला असून तो बरोबर आहे.

सही: लंकाबाई रखमाजी बोऱ्हाडे
(अंगठा नव्हे, सही आहे. बँकेतल्या सहीशी ताडून पाहावी.)

साक्षीदार, ज्यांना यातले काहीही मिळणार नाही:
१. गेणभाऊ काळे, शिनोली. सही
२. सरूबाई अमृत लोहकरे, घोडेगाव. सही

ठिकाण: घोडेगाव
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५