हिकरीच्या धारेवरची गोळी

टॅनर्स क्रीक, व्हर्जिनिया
१४ नोव्हेंबर १९७९

चि. डॉयल यास,

अ. उ. आ. हात आपोआप लिहून गेला, त्यापलीकडे त्यात काही शोधू नकोस.

पत्र लिहितेय, कारण आमच्या फोनच्या तारेवर आणखी चार घरं आहेत आणि मास्तरांची बायको रिसीव्हर कानाला लावूनच भाजी चिरते. तुझ्यामाझ्यातलं तिच्या रश्शात पडायला नको.

हॉलिस सोमवारी इस्पितळातून घरी आला. खांद्याखालचं हाड चुरा झालंय. डॉक्टर म्हणाले, उजवा हात छातीच्या वर जाणार नाही. पुढच्या वर्षीही नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. बावीस वर्षं त्याने शाळेची बस या डोंगरातून चालवली, बर्फात, धुक्यात, एका पोराला खरचटू दिलं नाही. शाळेने फळांची टोपली पाठवली. तिच्या तळाशी चिठ्ठी होती की बसवर दुसरा माणूस नेमलाय. तो टोपलीतली सफरचंदं पुसत बसतो. शर्टाची बटणं मी लावते. तेव्हा तो छताकडे बघतो.

आणि गावात तू मोठा माणूस झालास. मेहुण्याला पाठीवर घालून दोन मैल डोंगर उतरवला, असं पेपरात फोटोसकट छापून आलं. रविवारी चर्चमध्ये तिघींनी माझा हात धरून सांगितलं की असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. त्याला भोक कोणी पाडलं, हे त्याच पेपरात खाली बारीक अक्षरात होतं. तू शिकारखात्याच्या वॉर्डनला सांगितलंस तसंच: तुझी गोळी रानटी टर्की पक्ष्यातून आरपार गेली आणि पलीकडे झाडाखाली बसलेल्या हॉलिसला लागली. दुर्दैव, आणखी काय.

दुर्दैव नाही, डॉयल. छर्ऱ्याची बंदूक असती तर छर्रे चाळीस पावलांवर दमून खाली पडले असते. रायफलची गोळी थांबायचं नाव घेत नाही. मोठ्या कोंबडीसारख्या पक्ष्यावर हरणाची रायफल कशाला चालवायची, हे मी तुला दहा वर्षं विचारतेय. आठ डिसेंबरला शिकार मंडळाचे लोक शाळेच्या हॉलमध्ये येणार आहेत, आपल्या जिल्ह्यात टर्कीला रायफल बंद करावी का हे ऐकायला. मी बोलणार आहे. तूही उठून बोलायचंस. एवढं तरी तू आमचं देणं लागतोस.

तुझी बायको नदीन काल पिसं काढून, साफ करून गोठवलेला तो पक्षी कागदात गुंडाळून देऊन गेली. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणासाठी म्हणे. ती बिचारी दारातच रडली, म्हणून घेतला. तू आणला असतास तर तुझ्या अंगावर फेकला असता.

कळावे. लोभाचं पुढे बघू.
वर्ना


स्टोनी गॅप
१७ नोव्हेंबर

ती. वर्नाताईस,

सा. न. वि. वि. मी मात्र मनापासून लिहितो, तुला पटो न पटो.

हॉलिसच्या हाताचं मला तुझ्याइतकंच लागलंय. दोन मैल त्याचं रक्त माझ्या मानेवरून कमरेपर्यंत ओघळत होतं, तुझ्या नव्हे. पण दुःख वेगळं आणि कांगावा वेगळा. रायफल कायद्यात बसते. बाबांनी तिनेच टर्की मारून आपल्याला वाढवलं, तेव्हा तू तंगडीसाठी माझ्याशी भांडायचीस. तेव्हा कुठे गेला होता तुझा धर्म?

छर्ऱ्याची एवढी आरती ओवाळतेस, तर हेही ऐक. छर्रेवाले साठ-सत्तर पावलांवरून उडवतात, पक्षी पोटात चार दाणे घेऊन झुडपात शिरतो आणि आठवडाभर सडत मरतो. असे मी दरवर्षी दोन-तीन बघतो. माझा पक्षी पडतो तो जागेवर. त्याला कळतही नाही. यातलं पाप कोणतं, तूच सांग.

आणि तुझा नवरा काय करतो? कळप उधळून लावतो, झाडाखाली बसतो आणि चुकलेल्या पिल्लाच्या आवाजात शीळ घालतो. आई पिल्लाला शोधत येते आणि हा तिला वीस पावलांवर उडवतो. ही तुमची सचोटी. त्यात अंगावर पानांच्या रंगाचे कपडे. जंगलात टर्कीसारखं बोलायचं, झाडासारखं दिसायचं आणि वर कोणी ओळखलं नाही म्हणून रडायचं!

मी सभेला येणार, पण तुझ्या बाजूने नाही. इथले सगळे मला बोलायला सांगताहेत. शहरातून आलेल्या साहेबांनी आमच्या हातातली रायफल काढायची, हे मी होऊ देणार नाही.

पक्षी खा. तो इमानाने मारलेला आहे.

हॉलिसला नमस्कार. राग आवर, एवढीच विनंती.
तुझा डॉयल


टॅनर्स क्रीक
२४ नोव्हेंबर

डॉयल,

मायना घालत नाही. घालण्यासारखं काही उरलेलं नाही.

गुरुवारी सणाला मी तो पक्षी भाजला. मला नको होता. हॉलिस म्हणाला, मेलेल्या जिवाचं मांस वाया घालवू नये. मक्याचा पाव केला, बीट केले, तिघांसाठी ताटं मांडली, कारण त्याची आई आली होती. प्रार्थना झाली. दुसऱ्याच घासाला म्हातारीच्या दाताखाली कटकन काही आलं. तिने बोटावर काढून बघितलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं.

छर्रा होता.

मी पक्षी उचलून स्वयंपाकघरात नेला आणि मानेच्या बाजूचं मांस बोटांनी उकललं. आणखी पाच निघाले. तुझ्याकडे छर्ऱ्याची बंदूक नाही. बाबांची होती ती तू विकलीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. पाठीतून आरपार गेलेलं तुझ्या गोळीचं भोकही होतंच. म्हणजे हा पक्षी आधी हॉलिसने त्याच्या छर्ऱ्याच्या बंदुकीने मारलेला होता.

परत येऊन मी हॉलिससमोर ते सहा छर्रे ठेवले. त्याने काटा खाली ठेवला. आईला म्हणाला, तू जेव. मग मला बाहेर ओसरीवर घेऊन आला आणि सगळं सांगितलं. तो झाडाखाली बसलाच नव्हता. टर्की मारून, पाय धरून, ती उजव्या खांद्यावर टाकून घरी यायला निघाला होता. तू हिकरीच्या झाडांच्या त्या डोंगरधारेवरून रायफलच्या दुर्बिणीतून बघितलंस आणि गोळी घातलीस. गोळी टर्कीतून गेली, हे खरं. तेवढं एकच खरं तू सांगितलंस आणि त्याच्यामागे लपलास.

रस्ताभर तू रडत होतास म्हणे. तुरुंगात टाकतील, नदीनचं कोण बघेल, म्हणत होतास. पाठीवरच्या माणसाचं हाड चुरा झालेलं, आणि तुझं तोंड तुझ्याबद्दल चाललेलं. मग याने इस्पितळात वॉर्डनला सांगितलं की मी बसलो होतो. माझा हात तर गेलाच, म्हणतो, तुझा भाऊ कशाला घालवायचा. माझ्यासाठी केलं म्हणे. मला न विचारता! बारा दिवस मी त्याची बटणं लावतेय आणि तो माझ्यापासून हे लपवतोय. त्याच्याशीही मी आज बोललेले नाही.

पण तू काय केलंस ते मी पुरतं जुळवलं. त्यातले छर्रे वॉर्डनच्या नजरेला पडू नयेत म्हणून तू पक्षी पानांखाली दडवलास आणि संध्याकाळी, हा ऑपरेशनच्या टेबलावर असताना, तो आणायला परत डोंगरावर गेलास. तिथेच टाकून का नाही दिलास? का माझ्याच ताटात वाढलास? इमानाने मारलेला, असं लिहितानाही तुझा हात अडला नाही.

आठ तारखेला मी हे सगळं बोलणार.

वर्ना


स्टोनी गॅप
२७ नोव्हेंबर

वर्नाताई,

सा. न.

बोल. खुशाल बोल. पण बोलण्याआधी हे लक्षात ठेव की वॉर्डनच्या कागदावर हॉलिसचीही सही आहे. मी खोटा ठरलो की तोही खोटा ठरतो. बावीस वर्षं पोरांना सांभाळणारा माणूस सरकारी कागदावर खोटं लिहितो, हे तुझ्याच तोंडून सगळ्या हॉलला कळू दे.

हे धमकीसारखं वाटतं ना? वाटू दे. दहा दिवसांत मी कोणाशी धड बोललेलो नाही.

पक्षी का आणला ते विचारतेस. टाकला असता तर कोल्ह्यांनी ओढला असता आणि वॉर्डन सकाळी पिसांच्या मागावर आला असता. घरी आणला तर नदीनने बघितला. तिला वाटलं मी मारला. तिनेच पिसं काढली, तिनेच तुला द्यायचं ठरवलं. मी नाही म्हणालो असतो तर का, ते सांगावं लागलं असतं. मी गप्प राहिलो. एवढंच. गप्प राहायला फार थोडं करावं लागतं, ताई.

आता तू मला बेफिकीर म्हणशील, आवाजावर गोळी घालणारा म्हणशील. तसा मी नाही. मी वाट बघितली. श्वास दोनदा सोडला. दुर्बिणीत मला पंख दिसला, शेपटीची पिसं दिसली, त्यांच्यावरचं तांब्यासारखं ऊन दिसलं. झाडांमागून ती हलत चालली होती. मला तिळमात्र शंका नव्हती. आजही डोळे मिटले की दिसते ती टर्कीच. ती होतीच टर्की. तिच्याखाली माणूस होता.

यापुढे मला लिहू नकोस.

डॉयल


टॅनर्स क्रीक
२ डिसेंबर

प्रिय डॉयल,

स. न. वि. वि. डाव्या हाताने लिहितोय, अक्षर लावून घे. बसमधल्या पहिलीच्या पोरांचं असंच असायचं.

तुझं पत्र वर्नाने मला वाचायला दिलं आणि ती कोंबड्यांकडे निघून गेली. त्यात माझ्या सहीचं जे लिहिलंस त्याचा राग आला. मग वाटलं, बरोबरच आहे. मी तुला वाचवतोय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात तुझ्या हातात माझ्या बायकोविरुद्ध वापरायला एक दांडकं दिलं.

म्हणून येत्या गुरुवारी मी वॉर्डनला घरी बोलावलंय. मी चालत होतो, पक्षी खांद्यावर होता आणि आधी मी खोटं सांगितलं, एवढं सांगणार. दंड झाला तर भरीन. तुझ्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. तुझं ते तू सांग.

माझीही चूक आहे. मेलेली टर्की उघडी खांद्यावर टाकून चालू नये, नारिंगी कापडात गुंडाळावी, हे मी किती जणांना शिकवलं असेल. कापड खिशातच होतं. घर अर्ध्या तासावर आहे, म्हणून काढलं नाही. पण डॉयल, माझी चूक मला महागात पडायला तुझी रायफल लागली. तीनशे पावलांवरून माणसाला डोळे दिसत नाहीत. ज्याचे डोळे दिसत नाहीत त्याच्यावर आपण घोडा ओढू नये, असं मला आता वाटतं. आधी वाटत नव्हतं. पिल्लाच्या शिळेचंही तू लिहिलंस, ते मनाला लागलं. ती शीळ आता मी घालणार नाही. बंदूक तर खांद्याला लागतच नाही, त्यामुळे यात माझा मोठेपणा काही नाही.

तू मला खाली आणलंस, हे मी विसरलेलो नाही. दुसरंही विसरलेलो नाही.

नदीनला सांभाळ.
हॉलिस


टॅनर्स क्रीक
१० डिसेंबर

डॉयल,

तू शनिवारी बोललास आणि टोपी घेऊन तडक निघून गेलास, म्हणून पुढचं कळवते.

तू उठलास तेव्हा रायफलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही धरून चालले होते की आता बाबांचं नाव निघणार. मग तू साहेबांना म्हणालास की मी मेहुण्यावर गोळी घातली, टर्की समजून, ती त्याच्या खांद्यावर होती आणि मी वॉर्डनशी खोटं बोललो. टाळ्या मध्येच थांबल्या, तो आवाज मला अजून ऐकू येतो. साहेबांनी विचारलं की अंदाजाने मारली का, तर तू म्हणालास, नाही, माझी खात्री होती, आणि चाळीस वर्षांत मला एवढी खात्री कधी नव्हती. एवढ्यावर तू थांबलास. रायफल बंद करा की ठेवा, ते बोलला नाहीस. मी वाट बघत होते.

तू गेल्यावर माझी पाळी आली. मी लिहून नेलेले कागद वाचले नाहीत. फक्त म्हणाले की माझ्या भावाला नजर आहे, धीर आहे, आणि चाळीस वर्षांचा सराव आहे. एवढं सगळं असूनही जर हे होतं, तर बाकीच्यांच्या हातात रायफल का द्यायची ते मला सांगा. मग हात वर करायला लावले. रायफल राहू द्या म्हणणारे सत्तरच्या वर, बंद करा म्हणणारे एकतीस. मंडळ वसंतात ठरवेल म्हणतात, पण हात सगळ्यांनी बघितले. बाहेर पडताना मागून एकजण म्हणाला की डॉयलने तोंड बंद ठेवलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं. मी वळून बघितलं नाही. वळले असते तर थोबाडीत दिली असती.

वॉर्डन सकाळी तुझी रायफल घेऊन गेला आणि जानेवारीत कोर्टाची तारीख लागलीय, हे नदीनने फोनवर सांगितलं. म्हणजे आता मास्तरांच्या बायकोलाही कळलं. तुझ्या दुकानात कोणी फिरकत नाही, हेही ती म्हणाली. हॉलिसला ताकीद मिळाली, दंड नाही.

तू खरं बोललास म्हणून मी तुला माफ केलं असं समजू नकोस. खरं बोलायला तुला पाच आठवडे लागले, आणि तेही आधी या एका हाताच्या माणसाला बोलावं लागलं. मी रोज सकाळी सात बटणं लावते. मोजून सात.

चुलीला लाकूड संपत आलंय. ओक कापून पडलाय, फोडायला कोणी नाही. मी बोलावत नाहीये. हॉलिस म्हणतो, त्याला विचार. शनिवारी नऊ ते दोन मी चर्चमध्ये नाताळच्या टोपल्या भरायला असेन. तेवढ्या वेळात येऊन जा. घेवड्याची उसळ चुलीवर झाकून ठेवीन. हॉलिसला एकट्याला ती संपत नाही.

दोन वाजता मी घरी येईन. त्याआधी नीघ.

वर्ना