घर सुनेला, किल्ली मुलाला

मी, खाली सही करणारी, कुलपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेली तपासनीस, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवत आहे. मन ठिकाणावर असल्याचा दाखला शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. तो मी दोनदा वाचून पाहिला.

१. माझ्या पगारातून घेतलेलं राहतं घर मी माझ्या सुनेला देत आहे, मुलाला नाही. नात शाळेत जायला लागल्यापासून चिरंजीव बायकोला रोज ऐकवतात, "नो प्रेशर, पण तू नोकरी सोडलीस तर बरं होईल." 'नो प्रेशर'ने सुरू होणाऱ्या वाक्यात दडपणाशिवाय काहीही नसतं. "आय टर्न्ड आउट फाइन, बट..." हेही त्याचंच. त्या 'बट'च्या पुढे मी असते, कारखान्यात. घर सुनेच्या नावावर असलं की नोकरीचं काय करायचं ते तिचं ती ठरवील.

२. बँकेतली शिल्लकही सुनेचीच. मात्र तिला 'सुपरमॉम' म्हणणाऱ्यांना त्यातून चहासुद्धा पाजू नये. ही पदवी वाटणारे लोक जेवलेलं ताट उचलत नाहीत.

३. नणंदेला काहीही देऊ नये. मी कामावर असायचे म्हणून मुलगा शाळेतून येऊन स्वतः दार उघडायचा. त्याच्या गळ्यातली दोऱ्यात ओवलेली किल्ली पाहून ही बाई चारचौघांत म्हणायची, "पुअर थिंग!" एकदाही त्याला आपल्या घरी जेवायला बोलावलं नाही.

४. साक्षीदारांबद्दल. मुलगा म्हणाला, "नो बिग डील, आई, मी करतो सही." एका कुलपाला दुसऱ्याची किल्ली लागते का, हे पाहण्यात माझा जन्म गेला. मी वकीलबाईंना फोन लावला. नवऱ्याने साक्षीदार म्हणून सही केली तर बायकोला दिलेलं रद्द होऊ शकतं, असं त्या म्हणाल्या.

"तुला हे ठाऊक होतं?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला. "आई, दार उघडलं की घर रिकामं असायचं गं. फार भीती वाटायची. तुझ्यानंतर पोरीचं तसं व्हायला नको."

इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदाच बोलला. मला रडू आलं. पण घर सुनेचंच राहील.

५. ती किल्ली मी दोऱ्यासकट जपून ठेवली आहे. ती मुलाला द्यावी. कुलूप तेच आहे. नात शाळेतून यायच्या आत त्याने घरी येऊन दार उघडावं.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
तारीख: एकोणीस ऑगस्ट

सही: (माझी, पूर्ण)

साक्षीदार पहिली: शेजारच्या डॉक्टरीणबाई

साक्षीदार दुसरी: नणंद. तिला काहीच मिळत नसल्याने तिची सही सर्वांत पक्की. कलम तीन वाचून तिने सही केली आणि म्हणाली, "वहिनी, नो ऑफेन्स." म्हणजे लागलं आहे.

ताजा कलम: आज मुलगा नातीच्या आधी घरी आला. उद्याही पाहीन.